मेंदूतला बांध: ग्लियाच्या व्रणाची कुळकथा

डोक्याला मार बसलेला माणूस त्या अपघातातून वाचला आणि कितीतरी वर्षांनी दुसऱ्याच आजाराने गेला, तरी त्याच्या मेंदूवर जुन्या अपघाताची खूण राहिलेली असते. ती शोधायची जागाही ठरलेली आहे. मेंदू उलटा करायचा आणि कपाळामागच्या भागाची खालची बाजू व कानशिलामागच्या भागाचं टोक पाहायचं. या ठिकाणी कवटीचं हाड आतून खडबडीत असतं. वेगात असलेलं डोकं एकदम थांबलं की मऊ मेंदू त्या हाडावर घासला जातो. जुन्या माराच्या जागी पिवळसर-तपकिरी, आत बसलेला खळगा दिसतो. तो रंग सांडून गेलेल्या रक्तातल्या लोहाचा. खळग्याच्या कडेवर बोट ठेवलं तर ती आजूबाजूच्या मेंदूपेक्षा घट्ट लागते.

ही कुळकथा त्या घट्ट कडेची आहे. डॉक्टर तिला ‘ग्लायल स्कार’ म्हणतात आणि ती ज्या पेशींनी बनते त्यांना ॲस्ट्रोसाइट. हा व्रण मेंदूचा मित्र की शत्रू, याचा निकाल गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा फिरला. मला त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. निकाल फिरला तो बहुतेक वेळा पाहण्याचं नवं साधन हाती आलं म्हणून. आधी बोट होतं, मग रंग आला, मग सुई, मग प्रथिनाची ओळख, मग जनुक. प्रत्येक साधनाने व्रणाची एकच बाजू उजेडात आणली आणि त्या त्या पिढीने तिलाच पूर्ण व्रण मानलं.

बंगळुरूत हे सगळे टप्पे एकाच आवारात पाहायला मिळतात. होसूर रोडवरची निम्हान्स ही संस्था 1974 मध्ये उभी राहिली. म्हैसूर सरकारचं जुनं मनोरुग्णालय आणि 1954 मध्ये सुरू झालेली ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ यांचं तेव्हा विलीनीकरण झालं. मेंदूचे शल्यविशारद डॉ. आर. एम. वर्मा तिचे पहिले संचालक. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी घरांमध्ये डोक्याचं दुखणं अवघड झालं की ‘एकदा निम्हान्सला दाखवून या’ असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. मेंदूविकृतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एस. के. शंकर यांच्या पुढाकाराने 1995 मध्ये इथे मानवी मेंदूंची बँक सुरू झाली. तिला जोडून संग्रहालय आहे आणि ते सामान्य माणसांनाही पाहता येतं. काचेच्या आणि प्लास्टिकच्या पेट्यांमध्ये गाठी झालेले, रक्तस्राव झालेले, जंतूंनी पोखरलेले मेंदू मांडलेले आहेत. हातमोजे घालून खरा मेंदू हातात धरायची संधीही तिथे लोकांना दिली जाते. शाळकरी मुलांनी तर ती सोडू नये.

बोटाच्या टप्प्यावर इथलं संग्रहालय आणि 1825 चं पॅरिस यांच्यात फारसं अंतर नाही. त्या वर्षी बुशे आणि काझोव्हिए या दोन फ्रेंच डॉक्टरांनी आकडीच्या रुग्णांच्या शवविच्छेदनात हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा आतला भाग कठीण झालेला नोंदवला. पुढे 1868 मध्ये शार्को यांनी ज्या आजाराचं वर्णन केलं त्याला आज आपण मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणतो. त्यातही मेंदूत ठिकठिकाणी घट्ट चट्टे सापडत. पण घट्टपणा कशाचा, हे बोट सांगू शकत नव्हतं.

त्याचं पहिलं उत्तर जर्मनीत रुडॉल्फ फिर्को यांनी दिलं. मेंदूतल्या पोकळ्यांच्या अस्तराखाली त्यांना 1846 मध्ये एक पदार्थ आढळला. तो चेतापेशींचा नव्हता. 1856 मध्ये त्यांनी त्याचं नाव ठेवलं न्यूरोग्लिया, म्हणजे चेतापेशींना धरून ठेवणारा सरस. फिर्को रोगचिकित्सक होते. शरीरात इतरत्र जशी जोडणारी ऊती असते तशीच ही, असा त्यांचा समज. नाव आजतागायत टिकलं आणि दुर्दैवाने त्यासोबत ‘निव्वळ भरणा’ हा शिक्काही टिकला.

या भरण्यात पेशी आहेत हे दिसायला रंग यावा लागला. इटलीतल्या आबियातेग्रासो गावी असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात नोकरी करत असताना कामिलो गोल्जी यांनी तिथल्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा थाटली होती. 1873 मध्ये त्यांनी चांदीच्या क्षारांची ‘काळी प्रक्रिया’ जाहीर केली. तिच्यात हजारांतून मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण ज्या होतात त्या टोकापर्यंत दिसतात. ग्लियाच्या काही पेशींचे फाटे रक्तवाहिन्यांवर पाय रोवून बसलेले गोल्जींनी पाहिले. रक्तातलं पोषण त्या चेतापेशींपर्यंत नेत असाव्यात, असा त्यांनी तर्क केला. पुढे याच पेशींना हंगेरीच्या लेनहोशेक यांनी 1890 च्या दशकात ॲस्ट्रोसाइट म्हटलं, कारण त्यांचा आकार ताऱ्यासारखा. तोवर मेंदूच्या राखाडी भागातल्या झुडपासारख्या आणि पांढऱ्या भागातल्या लांब तंतूंच्या, अशा त्यांच्या दोन जाती अँड्रिझेन यांनी 1893 मध्ये वेगळ्या करून दाखवल्या होत्या.

व्रणाच्या कथेत यानंतरचं नाव कार्ल वायगर्ट यांचं. फ्रँकफुर्टच्या या रोगचिकित्सकाने 1895 मध्ये फक्त ग्लियाचे तंतू रंगवणारी पद्धत प्रसिद्ध केली. चेतापेशी मेल्या की जागा मोकळी होते, आणि ग्लिया वाढून ती भरते, असं त्यांनी मांडलं. म्हणजे व्रण झाला रिकामी जागा बुजवणारा. त्यांच्या काचपट्टीवर फक्त तंतू दिसत होते. तंतू बनवणारी पेशी काय करते आहे, हे दिसतच नव्हतं. त्या रंगातून तोच निष्कर्ष निघणार होता.

पेशी पूर्ण दिसली ती सोन्यामुळे. सांतियागो रामोन इ काहाल यांनी माद्रिदमध्ये 1913 साली ही पद्धत शोधली. ती जवळून पाहण्यासारखी आहे, कारण ॲस्ट्रोसाइटची आपल्या डोळ्यांपुढची प्रतिमा तिच्यातूनच आली. मेंदूचा ताजा तुकडा फॉर्मॉलिन आणि अमोनियम ब्रोमाइडच्या मिश्रणात मुरवायचा. मग तो गोठवून त्याचे पातळ काप करायचे. गोल्ड क्लोराइड आणि मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात हे काप एकमेकांवर न चढता सपाट पसरायचे आणि काही तास अंधारात ठेवायचे. तापमान जास्त झालं तर सगळंच रंगतं, कमी पडलं तर काहीच रंगत नाही. काप जांभळे झाले की बाहेर काढायचे, फोटोच्या कामातल्या हायपोने रंग पक्का करायचा. सगळं जमलं तर फिक्या पार्श्वभूमीवर गडद जांभळ्या चांदण्या उभ्या राहतात, एकेका फाट्यासकट. जखमेशेजारच्या कापात याच चांदण्या सुजलेल्या, जाड फाट्यांच्या दिसतात, आणि त्यांतल्या काही दोन होण्याच्या तयारीत असतात. बुजवून टाकलेल्या जागेत असं काही घडत नाही. जखमेला या पेशी स्वतःहून प्रतिसाद देत होत्या.

त्याच काळात काहाल यांनी चेतातंतूंचा ऱ्हास आणि पुनर्वाढ यांवरचा दोन खंडी ग्रंथ पूर्ण केला. अर्जेंटिनातल्या स्पॅनिश डॉक्टरांनी वर्गणी काढून तो 1913-14 मध्ये छापून आणला. प्रौढ मेंदूतला तुटलेला अक्षतंतू (चेतापेशीचा लांब धागा) थोडा अंकुरतो आणि मग थांबतो, हे त्यांनी त्यात तपशिलाने दाखवलं. मात्र त्यांचेच शिष्य फ्रान्सिस्को तेयो यांनी 1911 मध्ये हातापायातल्या चेतेचा तुकडा मेंदूत बसवून पाहिला होता, आणि मेंदूतले तंतू त्या तुकड्याकडे वाढत गेले होते. म्हणजे तंतूंमध्ये वाढायची ताकद होती. त्यांना अडवणारं काहीतरी भोवतालात होतं. हा प्रयोग नंतर जवळपास सत्तर वर्षं मागे पडला.

काहाल यांच्या प्रयोगशाळेत पीओ देल रिओ-ओर्तेगा हे आणखी एक विलक्षण हाताचे संशोधक होते. चांदीच्या कार्बोनेटची पद्धत वापरून त्यांनी 1919 मध्ये मायक्रोग्लिया ही ग्लियाची आणखी एक जात वेगळी केली, आणि दोनच वर्षांत ऑलिगोडेंड्रोग्लियाही. या शोधांवरून गुरूशी त्यांचं बिनसलं आणि त्यांना प्रयोगशाळा सोडावी लागली. याच ओर्तेगांकडे 1924 मध्ये एक तरुण अमेरिकन शल्यविशारद रंगकाम शिकायला आला, वाइल्डर पेनफिल्ड. डोक्याच्या जुन्या जखमांनंतर माणसाला आकडी का येते, या प्रश्नाने त्याला घेरलं होतं.

1927 मध्ये ओर्तेगा आणि पेनफिल्ड यांनी मेंदूच्या व्रणावरचा लेख लिहिला. मेंदूत केलेल्या जखमेनंतर दिवसागणिक काय होतं याची ती नोंद होती. आधी मायक्रोग्लिया येऊन मोडतोड गिळतात. मग ॲस्ट्रोसाइट सुजतात, वाढतात आणि आपले तंतू जखमेच्या रोखाने रचतात. पुढच्याच वर्षी पेनफिल्ड आणि बकली यांनी एक साधा, फार बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूत एक भरीव सुई खुपसली आणि एक पोकळ, धारेची सुई. पोकळ सुई आपल्या वाटेतला मेंदू कापून बाहेर आणते, भरीव सुई तो चेंगरून तिथेच ठेवते. दाट, ओढून धरणारा व्रण झाला तो चेंगरलेला मेंदू मागे राहिला तिथे. स्वच्छ पोकळीभोवती तो कमी झाला. मेंदूचा मेलेला, चेंगरलेला भाग नीट काढून घ्यावा, हा शस्त्रक्रियेचा धडा त्यातून मिळाला.

त्याच वर्षी पेनफिल्ड ब्रेस्लाऊला ओटफ्रिड फोर्स्टर यांच्याकडे गेले. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेल्या आणि नंतर आकडी सुरू झालेल्या सैनिकांवर फोर्स्टर रुग्ण जागा ठेवून शस्त्रक्रिया करत आणि व्रण काढून टाकत. दोघांचा लेख 1930 मध्ये आला. आक्रसणारा व्रण आजूबाजूच्या मेंदूला ओढतो आणि तिथून झटका उठतो, असं त्यात मांडलं होतं. व्रणाकडे पाहायची शल्यविशारदाची दृष्टी तिथे पक्की झाली: दिसला तर काढा. ती भारतातही आली. भारतातला पहिला मेंदूशल्यविभाग 1949 मध्ये वेल्लोरला सुरू करणारे डॉ. जेकब चांडी पेनफिल्ड यांच्याच मॉन्ट्रियल संस्थेत शिकलेले होते, आणि आकडीवरच्या शस्त्रक्रियेचं काम त्यांनी इथे आणलं.

शत्रू म्हणून व्रणाचं दुसरं आरोपपत्र मेरुरज्जूवर काम करणाऱ्यांनी लिहिलं. पेनसिल्व्हेनियातले विल्यम विंडल आणि चेंबर्स यांनी 1950 मध्ये जाहीर केलं की, मेरुरज्जू कापलेल्या मांजरांना आणि कुत्र्यांना जंतूंपासून काढलेलं, ताप आणणारं औषध दिलं तर ग्लियाची भिंत पातळ राहते आणि काही तंतू पलीकडे जातात. त्यातून चालतं-फिरतं करणारा उपचार निघाला नाही. तरी व्रणाची भिंत पाडली की वाट मोकळी होईल, ही आशा रुजली. 1981 मध्ये मॉन्ट्रियलला सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी तेयोंचा प्रयोग नव्या साधनांनी केला. बाहेरच्या चेतेचा पूल बसवल्यावर उंदरांच्या मेरुरज्जूतले तंतू त्यातून सेंटिमीटरच्या मापाने वाढले. मग अडवणारा पदार्थ कोणता, याचा शोध सुरू झाला. व्रणात कॉन्ड्रॉइटिन सल्फेट प्रोटिओग्लायकन नावाचे साखर लागलेले प्रथिन-रेणू साचतात आणि वाढता तंतू तिथे अडतो, हे 1990 च्या दशकात जेरी सिल्व्हर आणि इतरांनी दाखवलं. 2002 मध्ये एलिझाबेथ ब्रॅडबरी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या जखमेत या रेणूंची साखर तोडणारं जिवाणूंचं एन्झाइम सोडलं आणि उंदरांची हालचाल काही प्रमाणात सुधारली. तोवर पाठ्यपुस्तकांत चित्र पक्कं झालं होतं: ॲस्ट्रोसाइट भिंत बांधतात, भिंत वाट अडवते.

याच काळात एक प्रथिन हाती लागलं होतं आणि ते आलं होतं थेट व्रणातून. लॉरेन्स एंग कॅलिफोर्नियात मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णांच्या मेंदूतल्या जुन्या, घट्ट चट्ट्यांचं रसायन तपासत होते. चेतातंतूंचं आवरण त्यातून गेलेलं होतं, उरला होता मुख्यतः ॲस्ट्रोसाइटचा तंतुभार. त्यातून त्यांनी वेगळं केलेलं प्रथिन 1971 च्या लेखातून जगापुढे आलं. त्याचं आजचं नाव ग्लायल फिब्रिलरी ॲसिडिक प्रोटीन, रोजच्या बोलण्यात जीएफएपी. फिर्कोंनी नाव दिलेला, वायगर्टांनी रंगवलेला घट्टपणा तो हाच. जीएफएपीला चिकटणारी प्रतिपिंडं तयार झाली आणि काहालांचं सोनं कपाटात गेलं. आज कुठल्याही मोठ्या रुग्णालयात पॅराफिनच्या ब्लॉकवरून मायक्रोटोमने काप घेतात, प्रतिपिंड लावतात आणि ॲस्ट्रोसाइट तपकिरी रंगात उमटतात.

याच तपकिरी रंगाने बंगळुरूने या कथेत आपली ओळ लिहिली. 1998 मध्ये ‘एक्सपेरिमेंटल न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात शहानी, नलिनी, गौरी-देवी आणि राजू या निम्हान्सच्या चमूचा एक छोटा लेख आला. एएलएस हा हातापायांचे, मग गिळण्याचे आणि श्वासाचे स्नायू निकामी करणारा आजार. या रुग्णांच्या पाठीच्या मणक्यातलं पाणी त्यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांच्या मेरुरज्जूभोवती सोडलं. पिल्लांच्या मेरुरज्जूतले ॲस्ट्रोसाइट सुजले आणि त्यांच्यात जीएफएपी वाढलं. ग्लुटामेट हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन साचून राहिलं तर चेतापेशींना मारतं. ते उचलून नेणारं ॲस्ट्रोसाइटवरचं प्रथिन अशा पाण्याने कमी होतं, हे निम्हान्सच्याच गटाने 2007 मध्ये दाखवलं. मला 1998 चा हा प्रयोग या संपूर्ण कथेतला कळीचा वाटतो. ओर्तेगांपासून सगळ्यांनी सुई खुपसली होती. इथे मेरुरज्जूला कुठेही काप नव्हता. आजारी माणसाच्या पाण्यात विरघळलेलं काहीतरी ॲस्ट्रोसाइटपर्यंत पोचलं आणि पेशी बदलल्या. घावाखेरीज रसायनांच्या भाषेतही या पेशींशी बोलता येतं, आणि त्या बदलल्या की कधीकधी शेजारच्या चेतापेशींचं नुकसानही होतं.

मग जनुकांचं साधन आलं आणि जुना निकाल उलटला. 1999 मध्ये मायकेल सॉफ्रोन्यू यांच्या गटाने असे उंदीर बनवले, ज्यांच्यात एक औषध दिलं की जखमेभोवती विभागणारे ॲस्ट्रोसाइटच तेवढे मरतात. भिंत गेली की तंतू धावतील, अशी अपेक्षा असणारे बरेच होते. काही तंतू वाढलेही. पण रक्त आणि मेंदू यांमधली सीमा बुजेना, पांढऱ्या पेशी आत घुसत राहिल्या आणि आजूबाजूच्या धडधाकट चेतापेशी मोठ्या संख्येने मेल्या. 2016 मध्ये याच गटाने मेरुरज्जूच्या जखमेत व्रण होऊच दिला नाही, किंवा झालेला काढून टाकला. तंतू आपोआप वाढले नाहीत. उलट वाढीला लागणारी पोषक द्रव्यं जखमेत दिल्यावर तंतू ॲस्ट्रोसाइटच्या व्रणातूनच वाट काढत गेले, आणि व्रण नसला तर कमी गेले.

ओढ्याकाठच्या शेताला बांध असतो तसा हा व्रण आहे. पूर आला की बांधाच्या पलीकडची पट्टी जाते आणि अलीकडचं पीक वाचतं. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतल्या सगळ्या पुराव्याचा कल याच बाजूला आहे.

बांध घातला कसा जातो, हेही आता बऱ्यापैकी कळलं आहे. निरोगी मेंदूत प्रत्येक ॲस्ट्रोसाइट आपापलं क्षेत्र सांभाळतो. माणसाच्या एका ॲस्ट्रोसाइटच्या क्षेत्रात काही लाखांपासून वीस लाखांपर्यंत चेतापेशींचे सांधे येऊ शकतात. मार बसला की रक्तवाहिन्या फाटतात, फुटलेल्या पेशींमधून एटीपी हे पेशींचं इंधन सांडतं, आणि रक्तातलं फायब्रिनोजेन आपल्यासोबत वाढीचे संदेश घेऊन मेंदूत शिरतं. मायक्रोग्लिया काही मिनिटांतच आपले फाटे त्या दिशेने पसरतात. ॲस्ट्रोसाइट मात्र जागा सोडत नाहीत. म्युनिकच्या संशोधकांनी जिवंत उंदरांच्या मेंदूत त्यांच्यावर दिवसेंदिवस सूक्ष्मदर्शक रोखून ठेवला आणि 2013 मध्ये सांगितलं की, या पेशी जखमेकडे धावत नाहीत. काही फाटे लांबवतात, आणि थोड्याच, बहुतेक रक्तवाहिनीला बिलगलेल्या, दोन होतात. स्टॅट-3 नावाचं प्रथिन त्यांच्या केंद्रकात शिरून जनुकं चालू-बंद करतं. ते काढून टाकलं तर बांध विस्कळीत होतो आणि दाह पसरतो. दोन-तीन आठवड्यांत उंदराच्या जखमेभोवती एकमेकींत गुंतलेल्या लांबट पेशींची दाट कड तयार होते. तिच्या आत आणखी एक गाभा असतो, बहुतेक रक्तवाहिन्यांभोवतीच्या आणि तंतुजन्य पेशींचा. 2011 मध्ये योनास फ्रिसेन यांच्या गटाने या गाभ्याचा उगम दाखवला, आणि पूर्वी ॲस्ट्रोसाइटच्या माथी मारलेला बराच दोष मुळात या आतल्या ऊतीचा असावा, असं पुढे वाटू लागलं.

तरी पेनफिल्ड चुकले होते असं मी म्हणणार नाही. बांधाची किंमत असते, आणि तिचा सगळ्यात चांगला भारतीय दाखला एका पट्टकृमीचा आहे. डुकराच्या मांसातून माणसाला होणाऱ्या पट्टकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा अस्वच्छ हातांतून पोटात गेली की तिची अळी मेंदूत जाऊन बसते. या आजाराला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात. आपल्याकडे आकडीचं ते एक मोठं कारण आहे आणि निम्हान्सच्या बाह्यरुग्ण विभागात ते नेहमी भेटतं. अळी मरते, तिचा चुन्याचा ठिपका होतो, सीटी स्कॅनमध्ये तो पांढरा चमकतो. काहींची आकडी तिथेच संपते, काहींची वर्षानुवर्षं चालते. लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या सुनील प्रधान आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये खास प्रकारच्या एमआरआयने दाखवलं की, ठिपक्याभोवती ग्लायोसिसची, म्हणजे ग्लियाच्या व्रणाची, कड असलेल्यांना आकडी पुन्हा येण्याचा धोका जास्त होता. अळीपासून मेंदूला वाचवलेली कडच पुढे झटक्यांचं ठाणं होते.

संशोधकांनी मधल्या काळात ॲस्ट्रोसाइटचे ‘वाईट’ आणि ‘चांगले’ असे दोन गट पाडून पाहिले. 2021 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन अशी दोन खान्यांची विभागणी सोडून द्यावी, असं लिहून ठेवलं. ते फार बरं झालं. वय, जागा, जखमेचा प्रकार आणि काळ यांनी या पेशींचं वागणं बदलतं. नवजात उंदराच्या मेरुरज्जूची जखम व्रणाशिवाय भरते आणि त्यात मायक्रोग्लियाचा हात असतो, हे 2020 मध्ये दिसलं. गंगेच्या खोऱ्यातल्या झेब्राफिश या छोट्या माशात तर ग्लियाच्या पेशी तुटलेल्या मेरुरज्जूवर पूल बांधतात आणि मासा पुन्हा पोहू लागतो. या पुलाला लागणारं जनुक 2016 मध्ये अमेरिकेत ओळखलं गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याच जनुकाचा मणक्यांमधल्या चकत्यांच्या दुरुस्तीतला वाटा तपासला गेला आहे. माणसाच्या मेंदूतला व्रण विरघळवणारं मान्यताप्राप्त औषध मात्र आज एकही नाही.

दरम्यान जीएफएपी पुन्हा बाहेर आलं आहे, या वेळी रक्तात. डोक्याला मार बसल्यावर काही तासांत ते जखमी ॲस्ट्रोसाइटमधून रक्तात उतरतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने फेब्रुवारी 2018 मध्ये जीएफएपी आणि आणखी एक प्रथिन मोजणाऱ्या रक्तचाचणीला परवानगी दिली, सीटी स्कॅन लागेल की नाही हे ठरवण्यासाठी. सीटीचं यंत्र तालुक्याला नसतं, तिथे अशा चाचणीचं मोल फार मोठं आहे. ती आपल्या जिल्हा रुग्णालयांपर्यंत स्वस्तात यावी, यासाठी सार्वजनिक आरोग्याच्या लोकांनी आग्रह धरायला हवा.

बंगळुरूच्या मेंदू बँकेतले निरोगी मेंदू बरेचसे अपघातात गेलेल्यांचे आहेत. नातेवाइकांनी दुःखाच्या त्या दिवशी होकार दिला म्हणून ते तिथे आहेत. त्यांच्यामुळेच गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंतच्या भारतीय मेंदूंमध्ये ॲस्ट्रोसाइट वयाप्रमाणे कसे बदलतात, हे निम्हान्सच्या फाल्गुनी अल्लादी आणि सहकाऱ्यांना पाहता आलं. याच संस्थेतले साथरोगतज्ज्ञ डॉ. जी. गुरुराज यांनी 2002 मध्ये मांडलेला हिशेब सांगतो की, भारतात मेंदूला होणाऱ्या इजांपैकी सुमारे 60 टक्के रस्त्यावरच्या अपघातांनी होतात, 20 ते 25 टक्के पडून आणि 10 टक्के मारहाणीत. 15 ते 20 टक्के प्रकरणांत दारू असते. या आकड्यांतलं बरंचसं टाळता येण्यासारखं आहे.

ज्यांच्या घरात हा व्रण आधीच आला आहे, त्यांच्यासाठी शेवटचे चार शब्द. एमआरआयच्या अहवालात ‘ग्लायोसिस’ किंवा ‘एन्सेफॅलोमलेशिया विथ ग्लायोसिस’ असं छापून आलं की माणसं घाबरतात आणि गाठ समजून बसतात. ती गाठ नव्हे. बहुतेकदा तिथे पूर्वी काहीतरी घडून गेलं आणि मेंदूने त्याभोवती कड घातली, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टरांना एकच विचारा: या जागेमुळे आकडी येण्याची शक्यता किती, आणि गोळी लागेल का? गोळ्या सुरू असतील तर बरं वाटतंय म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नका. आकडी पुन्हा येण्याचं ते नेहमी भेटणारं कारण आहे.